पुरासाठी वर चढवलंय, ते आता खाली घ्या

कोल्हापूरकराला पुराचं शिकवावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. शुक्रवार पेठेत आमचं सगळं आयुष्य सामान माळ्यावर चढवण्यात गेलं. २०१९ नंतर तर गव्हाची कोठीसुद्धा वर गेली. भूकंप मात्र फूट-फूट मोजत येत नाही, आणि आपण वर चढवलेलंच तो डोक्यात घालतो.

मी नऊ वर्षांची होते. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून गेलेले. कोयनानगर इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. फळीवरचे पितळी हंडे एकामागून एक फरशीवर आदळले, त्यातला एक धाकट्या भावाच्या उशीपासून हातभर अंतरावर. तिकडे कोयनेला पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. वडिलांनी त्याच दिवशी फळी काढली.

म्हणून माझी पहिली सूचना साधी आहे. घरातल्या प्रत्येक उशीवर डोकं टेकून वर बघा. काय दिसतं? काचेची तसबीर, ट्रंक, लोणच्याच्या बरण्या? ते सगळं हलवा. पलंगच सरकवता आला तर आणखी बरं. जड वस्तू कमरेच्या खाली. हो, पावसाळ्यात त्या परत वर न्याव्या लागतील, पण झोपायच्या खोलीवर नाही.

उंच कपाट आणि फ्रिज भिंतीला एल पट्टीने बांधून घ्या. सुताराला आधी भिंत दाखवा. आमच्यासारख्या जुन्या घरात मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, तो लाकडी खांबातच मारावा लागतो. आमच्याकडे एकाने भिंतीतच मारला, महिन्यात हाताने निघाला. कठड्यावरच्या कुंड्या आणि छपरावर वाऱ्यासाठी ठेवलेले सुटे दगडही उतरवा, बोळातून जाणाऱ्याचा जीव त्यात जातो.

हादरा बसला की पळू नका. जिथे आहात तिथेच खाली बसा, मजबूत टेबलाखाली शिरा, एका हाताने टेबलाचा पाय धरा, दुसऱ्याने मान झाका. टेबल सरकलं तर त्याच्याबरोबर सरका. अंथरुणात असाल तर तिथेच पालथं होऊन उशी डोक्यावर घ्या. दाराच्या चौकटीत उभं राहायचं आम्हाला लहानपणी सांगायचे, ते सोडून द्या. दार आपटून बोटं जातात. आणि आमच्या पेठेतल्या बोळात धावणं म्हणजे वरून येणाऱ्या कौलांना सामोरं जाणं.

एक अपवाद. दगडमातीचं जुनं घर, तुम्ही तळमजल्यावर, दार दोन पावलांवर आणि पुढे मोकळं अंगण असेल तर लगेच बाहेर पडा. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंतींनीच झोपलेली माणसं गाडली. असं घर असेल तर स्थापत्य अभियंत्याला दाखवाच. पट्ट्या मारून भिंत सुधारत नाही.

थांबल्यावर उठायची घाई नको, मागून आणखी धक्के येतात. आधी पायात चपला. आम्ही प्रत्येकाची जोडी आणि एक बॅटरी पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधली आहे, कारण पहिली जखम फुटलेल्या काचेची होते. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद दोन्ही नको. खिडक्या उघडून बाहेर या आणि तिथून १९०६ लावा. बाकी मदतीला ११२. लिफ्ट नको. नातेवाइकांना फोन करत बसण्यापेक्षा मेसेज पाठवा. आमच्यात ठरलंय, सगळ्यांनी सोलापूरच्या नणंदेला मेसेज करायचा आणि दसरा चौकाच्या मैदानात भेटायचं.

पुराची बॅग असेलच, तीच चालते. रेशन कार्ड, आधारच्या झेरॉक्स, बीपीच्या गोळ्या, सुटे पैसे. त्यात एक शिट्टी टाका. ढिगाऱ्याखालून ओरडून दम संपतो, शिट्टी लांब जाते. पाणी माणशी रोज तीन लिटर, तीन दिवसांचं. आम्ही चौघं, म्हणजे ३६ लिटर, झाकणाच्या कॅनमध्ये. फक्त ती बॅग माळ्यावर ठेवू नका, दाराजवळ ठेवा.

एवढं सगळं मी घरात करून घेतलं, अडलं एकाच ठिकाणी. आमच्या यांनी तरुणपणी कुस्तीत जिंकलेली गदा पलंगाच्या डोक्यावर दोन खिळ्यांवर टांगलेली होती. चाळीस वर्षांत पडली नाही, आता कशाला पडतेय, म्हणाले. नातवाला उशीवर डोकं टेकून झोपायला लावलं आणि यांना शेजारी. दोघांनी वर बघितलं. गदा आता दिवाणाखाली आहे. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.