‘दहा जण वाढव, येईल सिग्निफिकन्ट’

प्रायोगिक मानसशास्त्रात डेसर्टेशन घेतलेल्यांसाठी लिहितेय. टी-टेस्ट, पी-व्हॅल्यू तुम्हाला येतं असं धरून चालते.

विषय निवडताना पाठ्यपुस्तकातला गाजलेला प्रयोग डोळे झाकून उचलू नका. ‘इच्छाशक्ती वापरली की संपते’ हे आमच्याकडून मानसशास्त्रज्ञ बाउमाइस्टर यांच्या १९९८च्या मुळा-चॉकलेट प्रयोगासकट (चॉकलेट टाळून मुळा खायला लावलेले लोक नंतरचं कोडं लवकर सोडून देतात) घोटून घेतलं होतं. २०१६मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांवर लोकांवर हीच कल्पना एका ठरलेल्या पद्धतीने तपासली. परिणाम जवळजवळ शून्य. त्याआधी २०१५मध्ये १०० छापील अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मुळात त्यातले ९७ टक्के सिग्निफिकन्ट होते, दुसऱ्यांदा ३६ टक्केच निघाले. कॉग्निटिव्हवाले (लक्ष, स्मरण वगैरे) निम्मे टिकले, सोशलवाले (माणसांचं एकमेकांशी वागणं) जेमतेम पाव. घाबरू नका, सगळंच पोकळ नाही. स्ट्रूपचा परिणाम १९३५पासून ठाम उभा आहे. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत लिहून शाईचा रंग विचारा, समोरचा अडखळतोच.

आता खरा खड्डा. पी ०.०८ येतो (०.०५च्या खाली आला तरच सिग्निफिकन्ट) आणि गाईड म्हणतात, “दहा जण वाढव, येईल.” मलाही हेच सांगितलं गेलं, आणि त्यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटलंही नाही. जास्त लोक म्हणजे चांगलंच ना? नाही! कारण ०.०४ आल्यावर “अजून दहा घेऊन बघू, टिकतं का” असं कुणीच म्हणत नाही. जिंकलो की डाव मोडायचा, हरलो की अजून एक पिसायचा, असला हा खेळ. सिमन्स, नेल्सन आणि सिमॉनसोन यांनी २०११मध्ये याचा हिशेब मांडला. परिणाम मुळात नसतानाही प्रत्येक गटात २० जण घेऊन पाहिलं, नाही जमलं म्हणून १० वाढवले, तर खोट्या होकाराची शक्यता ५वरून ७.७ टक्क्यांवर जाते. किरकोळ वाटतं? त्यातच दोन मोजमापांतलं सोयीचं निवडलं, तीनांतली एक कंडिशन गाळली, लिंगाचा घटक घालून पाहिला, की आकडा ६१ टक्के! याच युक्त्यांनी त्यांनी बीटल्सचं एक गाणं ऐकून माणसं दीड वर्षाने तरुण होतात असं ‘सिद्ध’ करून दाखवलं.

तेव्हा सॅम्पल आधी ठरवा. किती जण लागतील याचा हिशेब करणारं जी-पॉवर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. परिणामाचा आकार (कोहेनचा डी) मध्यम (०.५) असेल तर ८० टक्के पॉवरसाठी (म्हणजे खरा परिणाम सापडण्याची शक्यता ८० टक्के) प्रत्येक गटात ६४ जण लागतात, लहान (०.२) असेल तर ३९४. एवढे कुठून आणणार? नाहीच मिळत. म्हणून शक्य तिथे एकाच माणसाला दोन्ही कंडिशन द्या आणि ट्रायल भरपूर घ्या. कॉग्निटिव्ह विषयाचा हा मोठा फायदा. ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क) या वेबसाइटवर आराखड्याची नोंदणी डेटा घ्यायच्या आधी करा, नंतर केलेली नोंदणी शोभेची.

पैसे घेऊन ‘अ‍ॅनालिसिस करून देणाऱ्यां’कडे जाऊ नका. ते सिग्निफिकन्स विकतात. गाईड खडूस असले तरी चालतील, पण डेटा यायच्या आधी “किती जण, आणि का?” असं विचारणारे हवेत.

आणि निकाल शून्य आला तर रडू नका. २०२१च्या एका पाहणीत नेहमीच्या शोधनिबंधांत पहिलं गृहीतक ९६ टक्के वेळा खरं ठरलेलं दिसलं. आराखडा आधीच मंजूर झालेल्या निबंधांत फक्त ४४ टक्के. व्हायवात (तोंडी परीक्षेत) “सॅम्पल एवढंच का?” हा प्रश्न बहुतेक येतोच. जी-पॉवरचा स्क्रीनशॉट आणि तारखेसकट नोंदणी परिशिष्टात लावून ठेवा.