थायमोसाइट मेल्या म्हणजे विषानंच मारल्या, असं नाही: या चुका टाळा

एम.एस्सी.च्या प्रकल्पांचा हंगाम आला की कोणीतरी फ्लो सायटोमेट्रीचा (पेशी एकेक करून मोजणाऱ्या तंत्राचा) आलेख नाचवत येतंच. "मॅडम, आर्सेनिकनं एवढ्या पेशी मेल्या!" मी विचारते, "आणि कंट्रोलमध्ये, म्हणजे विष न दिलेल्यांत?" मग वही चाळणं सुरू होतं.

थायमस म्हणजे छातीतली ग्रंथी, जिथं रोगांशी लढणाऱ्या टी-पेशी घडतात. तिथल्या या कच्च्या पेशींना, म्हणजे थायमोसाइटना, मरायला निमित्तच लागतं. कामाच्या टी-पेशी निवडताना तिथल्या ९० टक्क्यांहून जास्त पेशी एरवीही बाद होतात. उंदराच्या थायमसमध्ये साधारण ८० टक्के असतात त्या सीडी४-सीडी८ डबल पॉझिटिव्ह (ही दोन्ही प्रथिनं अंगावर असलेल्या) पेशी, आणि त्यांच्याकडे बीसीएल-२ हे वाचवणारं प्रथिन फार कमी असतं. म्हणून विषावर खापर फोडण्याआधी बाकीचे संशयित तपासा.

उन्हाळा विसरणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर. मे महिना, नागपूर, पारा ४५ च्या घरात. शनिवारी रात्री अॅनिमल हाऊसचा एसी बंद पडला, रविवारी कोणी फिरकलं नाही, सोमवारी आम्ही ठरल्याप्रमाणे उंदीर सॅक्रिफाइस केले, म्हणजे तपासणीसाठी मारले. आर्सेनिक दिलेल्यांचे थायमस आकसलेले होते. आनंद झाला. मग कंट्रोलचे काढले, तर तेही तेवढेच! तीन महिन्यांची मेहनत पाण्यात.

कारण जुनंच आहे. ताणाखाली उंदरांचा थायमस आकसतो हे ताणाचे अभ्यासक हान्स सेली यांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलंय. उष्म्यानं अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं स्टेरॉइड सोडते, ते थायमोसाइटच्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला चिकटतं, बिमसारखी मारक प्रथिनं वाढतात, मायटोकॉन्ड्रिया फुटतात, कॅस्पेज-९ आणि मग कॅस्पेज-३ ही पेशी आतून मोडणारी विकरं जागी होतात. यालाच अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचं ठरवून मरणं, म्हणतात. विषाचा यात हात असेलच असं नाही. असला तरी तो ताणामार्फत आहे की थेट, हे नुसत्या थायमसच्या वजनावरून कळत नाही. डायॉक्सिन या विषाचं उदाहरण घ्या. एएच रिसेप्टर (डायॉक्सिन ज्याला चिकटतं ते प्रथिन) नसलेल्या उंदरांत त्यानं थायमस आकसत नाही, म्हणून वाट कोणती ते ठामपणे सांगता येतं. तुमच्याकडे तसा पुरावा आहे का?

तेव्हापासून माझ्या सवयी ठरल्या. कमाल-किमान तापमान दिवसातून दोनदा वहीत. नवे उंदीर आले की आठवडाभर हात लावायचा नाही. रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन मोजायचंच. शक्य असेल तर एका गटाला मिफेप्रिस्टोन, हे त्या स्टेरॉइडचा रिसेप्टर अडवतं. त्यानं मरण थांबलं तर दोषी विष थेट नाही, स्टेरॉइड आहे. आणि एप्रिल ते जून थायमसचे प्रयोग नाहीत. "पण मॅडम, सबमिशन..." हे मला ऐकू येत नाही.

राख ओतली, पेशी मेल्या

नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा वीजकेंद्रांच्या फ्लाय अॅशवर, म्हणजे कोळशाच्या राखेवर, इथं दरवर्षी कोणीतरी काम काढतं, विषय चांगलाच आहे. पण राख रात्रभर माध्यमात (पेशी वाढवण्याच्या द्रावात) ढवळायची, गाळायची आणि थेट पेशींवर? बाप्पा! राख बऱ्याचदा अल्कधर्मी असते. माध्यमातला फिनॉल रेड हा पीएच दाखवणारा रंग जांभळट-गुलाबी झालेला समोर दिसतो, तरी कोणी बघत नाही. दोन तासांत सगळ्या पेशी प्रोपिडियम आयोडाइड (फाटलेल्या पेशींतच शिरणारा रंग) घेतात तेव्हा तो बहुधा अपॉप्टोसिस नसतो, सरळ नेक्रोसिस, म्हणजे इजेनं झालेलं मरण, असतो. पीएच ७.४ वर आणा. शिवाय तेवढ्याच पीएचचं, राख नसलेलं माध्यम कंट्रोल म्हणून ठेवा.

बाकीच्या चुका पटापट. अपॉप्टोसिस दाखवणाऱ्या अॅनेक्सिन-५ ला कॅल्शियम लागतं, बफरमध्ये कॅल्शियम बांधून ठेवणारा ईडीटीए उरला तर रंग चढणार नाही. थायमस काढताना शेजारच्या लसिका गाठी सोबत आल्या की परिपक्व टी-पेशींची भेसळ होते. औषध विरघळवायचं डीएमएसओ फक्त औषधाच्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) घालू नका, कंट्रोललाही तेवढंच द्या. नुसत्या एमटीटीवर (पेशी किती जिवंत आहेत ते दाखवणाऱ्या चाचणीवर) अपॉप्टोसिस सिद्ध होत नाही, झालंच तर त्याच्यासोबत कॅस्पेज बघा.

गेल्या आठवड्यात एकानं विचारलं, फक्त २४ तासांचं रीडिंग घेतलं तर चालेल का, सहा तासांच्या रीडिंगसाठी रात्री थांबावं लागतं. मी त्याला त्याचीच कंट्रोलची प्लेट दाखवली. काहीही न घालता २४ तास ठेवलेल्या त्या पेशींत मेलेल्याच जास्त होत्या. आता तो डबा घेऊन येतो आणि रात्री थांबतो.