अली की जो लुईस? वेगवेगळ्या जमान्यातल्या हेवीवेट चॅम्पियनची जोड कशी लावायची

"टायसनसमोर अली टिकला असता का?" एवढा प्रश्न कुणीतरी टाकायचा अवकाश, मग टिळकवाडीतला चहाचा गाडा असो की खानापूरचा बस स्टँड, पुढचा तासभर कुणी जागचा हलत नाही. दोघंही बॉक्सिंगच्या हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड गटाचे चॅम्पियन, मुहम्मद अली आणि माइक टायसन. असा वाद आपल्या बेळगाव भागात नवीन नाहीच. जत्रेतलं मैदान संपलं की "तो जुना पैलवान आज असता तर या पोराला दोन मिनिटात चीत केला असता" हे येळ्ळूरपासून निपाणीपर्यंत ऐकू येतं. बॉक्सिंगची रिंग आपल्याकडं गल्लोगल्ली नाही, पण जोड लावायची हौस तीच. अडचण अशी की वाद बहुतेक वेळा आवाजावर जातो, ज्याचा आवाज मोठा त्याचा चॅम्पियन मोठा, आणि शेवटी कन्नड मित्रांपैकी कुणीतरी "साकु रे" (पुरे आता) म्हणतो नि सगळं अर्धवट राहतं. मला हे वाद मनापासून आवडतात, नुसत्या फाईट बघून जेवढं बॉक्सिंग कळतं त्याच्यापेक्षा जास्त यातून कळतं, म्हणून तो नीट कसा घालायचा ते पायरी पायरीनं सांगतो.

१. आधी रात्र ठरवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि नेमकी हीच सगळे गाळतात. "अली" म्हणालात, पण कुठला अली? १४ नोव्हेंबर १९६६ ला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तीन राऊंडात संपवणारा अली पायांवर होता, मार लागायच्या आधीच तो तिथून निघून गेलेला असायचा. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात जॉर्ज फोरमनला आठव्या राऊंडात पाडणारा अली वेगळा, तो दोराला टेकून मार खात होता आणि समोरच्याला दमवत होता. मधे साडेतीन वर्षं बॉक्सिंग खेळायच्या बंदीत गेली, पाय पूर्वीचे राहिले नाहीत, पण सोसायची ताकद आणि डोकं जबर झालं होतं. आणि १९८० मध्ये लॅरी होम्सकडून हरलेला अली तर वादात घ्यायचाच नाही.

टायसनचंही तसंच. २७ जून १९८८ ला मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदात झोपवणारा टायसन आणि ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसकडून दहाव्या राऊंडात नॉकआऊट झालेला टायसन, मधे दोन वर्षंसुद्धा नाहीत. पण त्या मधल्या काळात ट्रेनर केव्हिन रूनी गेला, आणि डोकं हलवत, जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मारत आत शिरणं कमी होऊन एकेका जोरदार ठोशावर भर आला. वस्ताद बदलला की पैलवान बदलतो हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. फोरमनची तर दोन आयुष्यं आहेत, १९७३ चा ९८-९९ किलोचा दांडगा पोरगा, आणि १९९४ ला पंचेचाळीसाव्या वर्षी मायकल मूररला पाडून परत चॅम्पियन झालेला ११३ किलोचा शांत माणूस.

म्हणून कागदावर चार गोष्टी लिहा: नाव, तारीख, त्या रात्रीचा प्रतिस्पर्धी, वजन. कुणी नुसतं "प्राईममधला" (ऐन भरातला) म्हणाला की लगेच विचारा, कुठल्या फाईटमधला? तारीख सांगता आली नाही तर जोड लागली नाही असं समजायचं. याचा मोठा फायदा असा की २००२ ला मेम्फिसमध्ये लेनॉक्स लुईसनं टायसनला आठ राऊंडात हरवलं हे उदाहरण फेकून कुणी "बघ, टायसन काहीच नव्हता" असं म्हणू शकत नाही, कारण ती रात्र तुमच्या कागदावर नाही.

२. नियम कुणाच्या जमान्याचे ते ठरवा

मातीतला पैलवान मॅटवर नेला की अर्धी कुस्ती बदलते. मातीत निकाली लढायची, मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि गुण. बॉक्सिंगमध्येही नेमकं हेच होतं. १९१५ ला हवानात जॅक जॉन्सन आणि जेस विलार्डची फाईट ४५ राऊंडांची ठरली होती, संपली सव्वीसाव्यात. पुढं चॅम्पियनशिपला १५ राऊंड रुळले. १९८२ मध्ये मॅन्सिनीबरोबरच्या लाइटवेट फाईटनंतर कोरियाचा किम दुक-कू गेला, त्यानंतर एकेका संघटनेनं १५ चे १२ केले.

हे तीन राऊंड म्हणजे बारीकसारीक गोष्ट अजिबात नाही. रॉकी मार्सियानो २३ सप्टेंबर १९५२ ला जर्सी जो वॉलकॉटकडून गुणांवर मागं पडला होता, तेराव्या राऊंडात एका उजव्या ठोशानं चॅम्पियन झाला. बाराचा नियम असता तर त्या रात्री तो हरला असता. मार्सियानोची जोड कुणाशीही लावा, "किती राऊंड?" हा प्रश्न आधी सोडवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

दुसरा नियम न्यूट्रल कॉर्नरचा, म्हणजे समोरच्याला पाडलं की मारणाऱ्यानं मोकळ्या कोपऱ्यात जाऊन थांबायचं. ४ जुलै १९१९ ला टोलेडोत जॅक डेम्प्सीनं विलार्डला पहिल्याच राऊंडात सात वेळा पाडलं, आणि दर वेळी तो जवळच उभा राहून, विलार्ड उठतोय तोवर परत मारत होता. आज रेफरी त्याला कोपऱ्यात पाठवेल, मोजणी करेल, आणि समोरच्याला किमान आठ सेकंद श्वास मिळेल. १९२७ मध्ये शिकागोत टुनी पडला, डेम्प्सी कोपऱ्यात जायला रेंगाळला, त्यामुळं मोजणी उशिरा सुरू झाली आणि टुनी उठून जिंकला. म्हणजे डेम्प्सीला त्याच्या काळात ठेवलं तर तो एक माणूस आणि आजच्या काळात आणला तर दुसराच. मी स्वतः १५ राऊंड आणि न्यूट्रल कॉर्नरची सक्ती, असं धरतो, दोन्ही जमान्यांना त्यातल्या त्यात न्याय मिळतो. तुम्हाला वेगळं वाटलं तर वेगळं ठरवा, पण वाद सुरू व्हायच्या आधी ठरवा.

३. वजन बघा, पण वजनावर निकाल देऊ नका

मार्सियानो आणि डेम्प्सी दोघंही ८५ किलोच्या आसपासचे. आज क्रूझरवेटची (हेवीवेटहून हलका गट) मर्यादा ९०.७ किलो आहे, म्हणजे हे दोघं आजच्या हिशोबानं हेवीवेट ठरतच नाहीत. आजच्या जमान्यातला टायसन फ्युरी (हा माइक टायसन नव्हे) सहा फूट नऊ इंच. हे ऐकल्यावर बरेच जण वाद संपला म्हणतात, आणि तिथंच घाई होते. मे २०२४ ला रियाधमध्ये ओलेक्सांद्र उसिकनं त्याच फ्युरीला हरवलं, उसिक त्याच्यापेक्षा जवळपास १७-१८ किलोनं हलका होता आणि आधी क्रूझरवेटचाच चॅम्पियन होता. पण उसिक सहा फूट तीन इंच आहे, रीच, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, ७८ इंच. मार्सियानोचा रीच ६८ इंचाच्या आतबाहेर. त्यामुळं "उसिक जिंकला म्हणजे मार्सियानोही जिंकेल" हे जमत नाही. विलार्डही १११ किलोचा होता आणि डेम्प्सीनं त्याला झोपवला, खरं विलार्ड तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि तीन वर्षं नीट फाईट खेळला नव्हता. किलोपेक्षा हाताची लांबी बघा, आणि त्या लांबीच्या आत शिरायला समोरच्याकडं काय आहे ते बघा.

४. रेकॉर्ड नुसतं मोजू नका

"काय सांगालास, मार्सियानो ४९ मध्ये एकदाबी हरला नाही की!" हे हमखास येतंच. हरला नाही हे खरं आणि त्याचा मान ठेवलाच पाहिजे, पण समोर कोण होतं ते बघा: १९५१ ला जो लुईस ३७ वर्षांचा, १९५२ ला वॉलकॉट ३८ चा. उलट अली पाच वेळा हरला, त्यातल्या शेवटच्या दोन फाईट, होम्स आणि बर्बिक, खेळायलाच नको होत्या. दोन्ही रेकॉर्ड खोलून बघा, मग बोला.

५. साखळी लावू नका

"याने त्याला मारलं, त्याने आणखी एकाला मारलं, म्हणजे हा सगळ्यात भारी" ही साखळी बॉक्सिंगमध्ये चालत नाही, आणि पुरावा एकाच पिढीत आहे. मार्च १९७१ ला जो फ्रेझरनं अलीला हरवलं. जानेवारी १९७३ ला किंग्स्टनमध्ये फोरमननं त्याच फ्रेझरला दोन राऊंडात सहा वेळा पाडलं. मग फोरमननं अलीला चेचायला पाहिजे होतं, पण झालं उलटं. केन नॉर्टनचं बघा, अलीला त्यानं तीन फाईटमध्ये घाम फोडला, एकदा जबडा मोडला, आणि फोरमनसमोर दोन राऊंड टिकला.

कारण स्टाईल. फ्रेझर सरळ आत यायचा आणि फोरमनला असाच माणूस हवा असायचा, जवळ आला की ढकलायचा आणि अपरकट (खालून हनुवटीवर येणारा ठोसा) लावायचा. अली स्वतःहून आत घुसायचा नाही, फोरमन जवळ आला की त्याची मान पकडायचा. म्हणून प्रत्येक जोडीत एकच प्रश्न विचारा: याला ज्या प्रकारचा माणूस जड जातो, तो समोर उभा आहे का?

६. फिल्म कशी बघायची

यूट्यूबवर दोघांच्या फाईट मिळतात. हायलाइट्स बघू नका, अख्खे राऊंड बघा, आणि कॉमेंट्री बंद करून बघा. पहिल्यांदा बघताना नजर फक्त पायांवर ठेवा. दुसऱ्यांदा जॅब मारल्यावर हात कुठं परत येतो ते बघा, हनुवटीजवळ की खाली. तिसऱ्यांदा फक्त तेवढंच बघा की जोराचा मार बसल्यावर तो काय करतो: मिठी मारतो, मागं सरतो की उलट मारायला लागतो.

मूकपटांच्या काळातल्या फिल्म बघताना जपा. तेव्हा कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचे, ती फिल्म चुकीच्या वेगानं चालवली की जॅक जॉन्सनसारखा सुंदर बचाव करणारा माणूस टुणटुण उड्या मारताना दिसतो. वेग दुरुस्त केलेली फिल्म शोधा. आणि आपल्याकडं एक सोय आहे ती वापरा, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर कॅम्पात असल्यामुळं युनिटमध्ये स्वतः ग्लोव्हज घातलेले रिटायर्ड फौजी गावोगावी सापडतात. "काका, हा हात खाली का ठेवतोय बघा की जरा" एवढं विचारलं की ते जे दाखवतात ते कुठल्या लेखात मिळत नाही.

७. बाजू बदलून बोला

दोघं बोलणारे, एक पंच. प्रत्येकानं आधी समोरच्याच्या चॅम्पियनची बाजू मांडायची, ती नीट मांडली असं पंच म्हणाला की मग स्वतःची. मग राऊंडवार बोला, पहिले चार, मधले चार, शेवटचे, जसं कुस्तीत खडाखडी आणि डाव वेगवेगळे बघतो तसं. निकाल "हाच जिंकणार" असा न देता दहा वेळा लढले तर किती वेळा, असा द्या.

कॉम्प्युटरला विचारून बघू असं कुणी म्हणालं तर १९६७ ची गोष्ट सांगा. मरे वोरोनर नावाच्या माणसानं जुन्या-नव्या चॅम्पियनची माहिती कॉम्प्युटरला घालून रेडिओवर स्पर्धा घेतली, त्यात अली जिम जेफ्रीज या जुन्या चॅम्पियनकडून हरला आणि त्यानं चिडून दहा लाख डॉलरचा दावा लावला. पुढं १९६९ ला अली आणि मार्सियानोला प्रत्यक्ष रिंगमध्ये उभं करून शूटिंग केलं, शेवट वेगवेगळे करून ठेवले होते, अमेरिकेत दाखवला त्यात मार्सियानो तेराव्या राऊंडात जिंकला. मशीनला जे घालाल तेच ते परत देणार.

एक जोड लावून बघू

जो लुईस, २२ जून १९३८, श्मेलिंगला पहिल्याच राऊंडात संपवलं ती रात्र, वजन ९० किलो. समोर अली, विल्यम्सवाली रात्र, ९६ किलो. १५ राऊंड.

आधी लुईसची बाजू. हेवीवेटमध्ये इतके छोटे आणि नेमके ठोसे कुणी मारले नाहीत, सहा इंचाच्या अंतरात माणूस झोपवायचा. आणि अलीची सवय काय, हात खाली, मान सरळ मागं. १९६३ ला ८४ किलोच्या हेन्री कूपरच्या डाव्या हुकनं (बाजूनं वळवून मारलेल्या ठोशानं) त्याला पाडलं, १९७१ ला फ्रेझरच्या डाव्या हुकनं पंधराव्या राऊंडात पाडलं. लुईसचा डावा हुक या दोघांपेक्षा कमी नव्हता.

आता अलीची बाजू, आणि इथं १९४१ ची बिली कॉनबरोबरची फाईट काढून बघाच. कॉन ८० किलोच्या आतला, पण पायांवर चपळ. बारा राऊंड त्यानं लुईसला असा फिरवला की दोन जजच्या कार्डावर तो पुढं होता, तिसऱ्याकडं बरोबरी. तेराव्यात नॉकआऊटच्या नादानं स्वतःच आत घुसला आणि संपला. आता कॉनच्या जागी सहा फूट तीन इंचाचा, ९६ किलोचा, त्याच्याहून चपळ माणूस ठेवा, जो आत घुसायचा मोह धरत नाही. शिवाय लुईस पाय घासत पुढं यायचा, अंतर पटकन कापणं त्याला जमायचं नाही.

माझा निकाल, दहापैकी सात वेळा अली, बहुतेक गुणांवर, आणि त्यातही दोन-तीन वेळा एकदा खाली पडून उठून. लुईसच्या तीन विजयांपैकी किमान दोन दहाव्या राऊंडानंतरचे. राऊंड बाराच ठेवले तर मी अलीला आठ देईन.

पुढची जोड म्हणून १९७१ चा फ्रेझर आणि १९८८ चा टायसन घ्या, दोघंही ठेंगणे, दोघंही पुढंच येणारे, फ्रेझर तापायला वेळ घेणारा आणि टायसन पहिल्या घंटेपासून पेटलेला, सगळं पहिल्या चार राऊंडांवर येतं. नंतर होम्स विरुद्ध जो लुईस, जॅबसमोर जॅब. १९७३ चा फोरमन विरुद्ध लेनॉक्स लुईस जरा अवघड आहे, कारण लेनॉक्स फोरमनपेक्षा उंचही आहे आणि जडही. जॅक जॉन्सनला मात्र सुरुवातीला हात लावू नका, त्याचं सगळं कसब क्लिंचमध्ये (मिठी मारून धरण्यात) आणि समोरच्याचे हात हवेतच अडवण्यात आहे, ते त्या धुरकट फिल्ममध्ये दिसायला नजर तयार व्हावी लागते, सहा-सात जोड्या लावून झाल्या की मग त्याला घ्या.