पंधरा माणसांच्या कंपनीत जाताना

हिंजवडीतल्या मोठ्या आयटी कंपनीत पाच-सहा वर्षे काढून बाणेर-बालेवाडीतल्या एखाद्या पंधरा माणसांच्या स्टार्टअपमध्ये जावे की काय, असे विचारणारे फोन मला अधूनमधून येतात. त्यांतल्या बहुतेकांना आधी कोणते तंत्र शिकून घ्यावे हे हवे असते. तंत्र दोन-तीन महिन्यांत शिकता येते. अवघड जाते ते वेगळेच. मोठ्या कंपनीत काम आपल्यापर्यंत येते तेव्हा भाजी निवडून, चिरून, फोडणीला टाकण्याइतकी तयार झालेली असते. ग्राहकाशी कोणीतरी बोललेले असते, त्याची मागणी कोणीतरी लिहून काढलेली असते आणि आपले काम कुठे संपते हेही ठरलेले असते. स्टार्टअपमध्ये मंडईत जाण्यापासून सुरुवात असते, आणि आज कोणती भाजी करायची हेसुद्धा पुष्कळदा ठरलेले नसते. म्हणून पहिले कौशल्य अंगी बाणवायचे ते काम शोधून काढण्याचे.

दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो. सभासदाचे नाव यादीतून निवडायचे, मग वजन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) भरून पावती काढायची, असा एक नेटका स्क्रीन आम्ही केला होता आणि ऑफिसात तो सर्वांना आवडलाही होता. केंद्रावरून मात्र ‘फार हळू चालते’ एवढीच तक्रार येत राहिली, आणि आम्ही दोन आठवडे सर्व्हरचा वेग तपासत बसलो. शेवटी पहाटे साडेपाचला मी स्वतः एका केंद्रावर जाऊन उभा राहिलो. दारात वीस-पंचवीस कॅनची रांग, नोंद करणाऱ्या काकांचे हात दुधाने ओले, आणि माऊस त्यांनी एका फडक्याखाली झाकून बाजूला ठेवलेला. सभासदांना ते नावाने ओळखत होतेच, पण वहीत नोंद करायचे ती क्रमांकानेच. यादीत नाव शोधायला लागणारे आठ-दहा सेकंद हेच त्यांचे ‘हळू’ होते. त्या संध्याकाळी आम्ही यादी काढून टाकली, आकड्यांच्या कळांवर सभासद क्रमांक आणि एंटर एवढेच ठेवले, आणि तक्रार थांबली. हे काम मला कोणी सांगितले नव्हते. प्रोग्रामरने पहाटे गोठ्याच्या वासात उभे राहावे, असे कोणाच्याही जबाबदाऱ्यांच्या यादीत लिहिलेले नसते.

हे शिकण्यासाठी नोकरी बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. सध्याच्या कंपनीतच, आपण जे बनवतो ते वापरणाऱ्या माणसाशेजारी महिन्यातून एकदा तासभर बसण्याची परवानगी मागावी, आणि बसल्यावर त्याला काहीही शिकवू नये. तो कुठे अडखळतो, कोणती गोष्ट कागदावर लिहून ठेवतो, कोणते बटण टाळतो, एवढेच टिपावे. व्हायरस रोखणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पुण्यातल्या क्विक हील या कंपनीची सुरुवात या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करीत. दुरुस्तीला येणारी यंत्रे व्हायरसने बिघडलेली असतात हे दिसत गेले, आणि संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिले. पुढे २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली, परंतु तिचे मूळ दुरुस्तीच्या टेबलावर सापडलेल्या प्रश्नात आहे.

दुसरी सवय म्हणजे अर्धवट माहितीवर निर्णय घेणे आणि तो लिहून ठेवणे. छोट्या कंपनीत विचारायला वरिष्ठ नसतो किंवा तो विमानतळावर असतो. अशा वेळी काय ठरवले, का ठरवले आणि कोणती गोष्ट चुकीची निघाल्यास ते बदलू, या तीन ओळी सर्वांना दिसतील अशा जागी लिहाव्यात. चूक झालीच तर ती झाकण्याऐवजी त्याच दिवशी सांगावी. लहान भोक पडलेले मोठे जहाज महिनाभर तरंगते, होडी तरंगत नाही. यासोबत नकार देणेही शिकावे लागते, कारण उत्साहाच्या भरात पाच कामे हाती घेऊन एकही तडीस न नेणारा माणूस पंधरा जणांत लगेच उघडा पडतो.

मनोवृत्तीविषयी पुष्कळ बोलले जाते, पण माझ्या मते तिचा मोठा भाग घरच्या हिशेबावर उभा असतो. गृहकर्जाचा हप्ता चुकेल की काय या धास्तीत असलेला माणूस धाडसी निर्णय घेऊ शकत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नसतो. म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवावा, आणि घरच्यांचा आरोग्यविमा कंपनीच्या भरवशावर न ठेवता स्वतंत्र घ्यावा. सध्याच्या नोकरीत सलग पाच वर्षे पूर्ण होत आली असतील, तर त्यानंतर मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीच्या रकमेसाठी कॅलेंडर पाहूनच राजीनामा द्यावा.

मुलाखतीत आपणही प्रश्न विचारावेत. बँकेत किती पैसे आहेत आणि दरमहा निव्वळ किती जातात, हा त्यांतला सर्वांत महत्त्वाचा. समजा ३ कोटी शिल्लक आहे, महिन्याचा खर्च ३५ लाख आणि उत्पन्न १० लाख आहे. म्हणजे दरमहा २५ लाख कमी होतात आणि कंपनीच्या हाती १२ महिने आहेत. नवे भांडवल उभे करायलाच कित्येक महिने जातात, त्यामुळे काटकसर हे बारा महिने संपण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते, हे धरून चालावे. नेमका आकडा नाही मिळाला तरी प्रश्नावर संस्थापक चिडतो की शांतपणे हिशेब मांडतो, यावरून बरेच कळते. कंपनीच्या नोंदणीची तारीख आणि भरणा झालेले भांडवल कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. तेही पाहून जावे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो, तेव्हा पंधरा जणांच्या कंपनीत पीएफ आहेच असे गृहीत धरू नये. ‘आमच्याकडे सगळे घरच्यासारखे आहे’ असे कोणी म्हणालेच, तर पीएफचा प्रश्न हमखास विचारावा.

पगार कमी आणि ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे कंपनीचे शेअर घेण्याचे पर्याय, जास्त, असा प्रस्ताव आला तर केवळ शेअरच्या संख्येवर भुलू नये. दहा हजार शेअर हे एक लाखांपैकी आहेत की एक कोटीपैकी, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. कंपनी कायद्याच्या नियमांनुसार ईसॉप दिल्यापासून ते हक्काचे होईपर्यंत किमान एक वर्ष जावे लागते, आणि बहुतेक योजनांत ते चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्काचे होतात. शेअर प्रत्यक्ष घेताना बाजारमूल्य आणि आपण भरलेली किंमत यांतल्या फरकावर पगारासारखा कर लागतो, मग ते शेअर विकता येत असोत वा नसोत. नोकरी सोडल्यावर ते घेण्यासाठी किती दिवस मिळतात हे मात्र प्रत्येक योजनेत निराळे असते. अनेक ठिकाणी ते ९० दिवस असतात. तेवढ्या मुदतीत शेअरची किंमत आणि कर यांची रक्कम उभी करता येईल का, याचा हिशेब ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वीच कागदावर मांडावा, आणि ती मुदत तोंडी न ठेवता ईमेलवर लिहून मागावी.