पगार सुरू नसताना भाड्याने घर कसे मिळवावे

पगाराची स्लिप मागणाऱ्या घरमालकाच्या मनात दोन धास्त्या असतात. भाडे दर महिन्याला येईल का, आणि मुदत संपल्यावर हा माणूस घर सोडेल का. नोकरी सुटलेली असो, निवृत्ती असो, की स्पर्धा परीक्षेची तयारी, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर तुम्हाला कागदावर देता आले पाहिजे. पुण्या-मुंबईत अशी घरे मिळतात. मात्र तयारी घर बघायला निघण्याआधी झालेली हवी.

आधी हिशेब

समजा भाडे १८,००० रुपये आहे. तीन महिन्यांचे डिपॉझिट ५४,०००, ब्रोकर असेल तर एका महिन्याचे भाडे म्हणजे १८,०००, आणि पहिल्या महिन्याचे १८,०००. किल्ली हातात यायच्या आधीच ९०,००० जातात. त्यावर कराराचा खर्च आणि टेम्पोचे भाडे. हे सगळे बाजूला काढून पुढच्या ११ महिन्यांचे भाडे आणि निदान सहा महिन्यांचा घरखर्च उरत असेल, तरच त्या भाड्याचे घर बघा. नाहीतर भाडे कमी करा किंवा भाग बदला. एकट्याने राहणाऱ्यांना कॉट बेसिसचा (खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेण्याचा) किंवा पेइंग गेस्टचा पर्याय आहे. तिथे डिपॉझिट कमी लागते आणि उत्पन्नाची चौकशीही फारशी होत नाही.

स्लिपऐवजी काय दाखवायचे

सगळ्यांत चांगला पुरावा म्हणजे ११ महिन्यांच्या भाड्याची वेगळी एफडी. वरच्या उदाहरणात ती १,९८,००० रुपयांची होईल. एकच मोठी एफडी केलीत तर दर वेळी ती मोडावी लागते आणि मुदतीआधी मोडल्याने व्याज कापले जाते. म्हणून तिचे तीन-चार तुकडे करा, वेगवेगळ्या मुदतीचे. पहिल्या दोन-तीन महिन्यांचे भाडे बचत खात्यात ठेवा आणि तिथून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मालकाच्या खात्यात पैसे जातील अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बँकेला देऊन ठेवा. एफडीची पावती आणि ही सूचना एकत्र दाखवली की भाडे येण्याबद्दलची शंका बरीचशी मिटते.

सोबत सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट आणि मागच्या दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे ठेवा. नोकरी सोडली असेल तर रिलीव्हिंग लेटर, नवी ठरली असेल तर रुजू होण्याची तारीख लिहिलेले ऑफर लेटर. निवृत्तांनी पेन्शन मंजुरीच्या आदेशाची (पीपीओ) प्रत, विद्यार्थ्यांनी पालकांच्या उत्पन्नाचे कागद. आधीच्या घरमालकाची दोन ओळींची चिठ्ठी मिळाली तर जरूर घ्या. भाडे वेळेवर दिले आणि घर नीट सोडले, एवढेच त्यात असले तरी ती मोलाची ठरते.

प्रती देताना खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाका. मूळ पावत्या कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

खोटी स्लिप मात्र कधीही बनवू नका. कंपनीत एक फोन गेला की प्रकरण उघडे पडते, मग घरही जाते आणि बनावट कागद वापरल्याचा गुन्हा मागे लागतो.

बोलताना

नोकरी नसल्याचे लपवू नका, पण त्यावरच थांबूही नका. फोनवर असे सांगता येईल: «काका, आम्ही दोघेच राहणार. मार्चमध्ये नोकरी सोडली, दुसरी शोधतोय. अकरा महिन्यांचे भाडे वेगळ्या एफडीत ठेवले आहे, पावती दाखवतो. करार रजिस्टर करू, पोलिस व्हेरिफिकेशनही करून घेऊ.» ब्रोकरलाही पहिल्याच दिवशी हे सांगा. सगळे ठरल्यावर सांगितले की व्यवहार मोडतो आणि टोकन म्हणून दिलेली आगाऊ रक्कम अडकते. महिना-दोन महिने रिकामे पडलेले घर शोधा. त्या मालकाला मेंटेनन्स आणि बहुधा कर्जाचा हप्ताही खिशातून भरावा लागत असतो, त्यामुळे तो ऐकून घेतो.

मालक जास्त हमी मागतो तेव्हा

इथेच लोक सर्वांत जास्त फसतात, कारण घर मिळवण्याच्या घाईत हातातली रोकड देऊन टाकतात.

मालकाने सगळे ११ महिन्यांचे भाडे आगाऊ मागितले तर आधी तीन-तीन महिन्यांचे आगाऊ सुचवा. तरीही अडून बसला तर भाडे कमी करून घ्या. मध्येच घर सोडल्यास उरलेले भाडे किती दिवसांत परत मिळेल, हे करारात लिहून घ्या. पैसे करार नोंदल्यावरच द्या, आणि तेही बँकेतूनच.

पुढच्या तारखांचे चेक देणे सोपे वाटते, पण खात्यात पैसे नसताना चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्टँडिंग इन्स्ट्रक्शन चालत असेल तर चेक टाळा.

जामीनदार देत असाल तर त्याची जबाबदारी किती, हे आकड्यात लिहा, उदाहरणार्थ तीन महिन्यांच्या भाड्यापुरती. मर्यादा लिहिली नाही तर कायद्याने तो तुमच्याइतकाच बांधला जातो. मेहुण्याला किंवा भावाला सही करायला सांगताना हे आधी समजावून द्या.

मुंबईत हेवी डिपॉझिट चालते: काही लाख मालकाकडे ठेवायचे आणि भाडे नाममात्र किंवा शून्य. उत्पन्न नसलेल्याला हे मोहात पाडते. प्रत्यक्षात तुम्ही मालकाला विनातारण कर्ज देत असता. घरावर बँकेचे कर्ज असेल आणि हप्ते थकले, तर तुमची रक्कम वसूल करायला वर्षे जातात. सगळी जमापुंजी त्यात घालू नका.

करार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. कलम २४ मात्र मालकाच्या बाजूचे आहे: मुदत संपूनही घर सोडले नाही तर तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मिळवू शकतो, आणि तेवढ्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. हे कलम तुम्हीच मालकाला दाखवा. त्याच्या दुसऱ्या धास्तीवर याहून चांगले उत्तर नाही.

मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेली रक्कम यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. वरच्या उदाहरणात ते पाचशेच्या थोडे वर जाते. नोंदणी शुल्क शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. एजंट घरी येऊन अंगठे आणि फोटो घेतो, त्याची फी वेगळी. खर्च कुणी करायचा ते आधीच ठरवा. व्यवसायाच्या रकान्यात सेवानिवृत्त, विद्यार्थी, गृहिणी, जे खरे असेल ते लिहा.

घासाघीस करायची तर ती भाड्याहून लॉक-इनवर, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही त्या मुदतीवर, करा. नवी नोकरी दुसऱ्या शहरात लागली आणि लॉक-इन सहा महिन्यांचे असेल, तर रिकाम्या घराचे भाडे भरत बसाल. एक, फार तर तीन महिने मान्य करा, आणि नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिन्याची.

टोकन देण्याआधी मालकाकडून इंडेक्स टू (घराच्या खरेदी-नोंदणीचा उतारा) आणि ताजे वीजबिल मागा आणि त्याच्या आधारवरचे नाव त्या कागदांशी जुळवा. घर न दाखवता पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. «पैसे परत करायला क्यूआर स्कॅन करा» म्हणणाऱ्यालाही नको, कारण पैसे मिळवण्यासाठी स्कॅन करावे लागत नाही.

किल्ली घेताना वीजमीटरचे रीडिंग, भिंती, नळ आणि गीझर यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. ठरलेले डिपॉझिट किल्ली परत देताना त्याच दिवशी मिळेल, ही ओळ करारात आहे ना, ते सही करण्याआधी पुन्हा एकदा वाचा.