मिरजेचा तानपुरा: जोड, मणके आणि जवारी

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण वाद्य कितीही नामी असलं तरी ते लावावं तुम्हालाच लागतं.

आधी चारही तारांचे मणके, म्हणजे तारांत ओवलेले मणी, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि तारदान (खाली तारा अडकवतात ती जागा) यांच्या मधोमध आणा. मग मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, षड्जाला (सा) मिळवा. तार गुंडाळलेली खुंटी पिळताना ती आतही दाबायची, नाहीतर हात काढताच तार उतरते. दोन्ही तारा एकदम छेडल्यावर आवाज लाटेसारखा हेलकावे खात असेल तर जोड अजून जुळली नाही. शेवटचा बारीक फरक खुंटीने कधीच काढू नका, तो मण्याने काढा. मणका तारदानाकडे सरकवला की स्वर चढतो. खर्जाची (खालच्या सा ची) आणि पंचमाची (प ची) तार त्यानंतर लावा.

खरी गंमत जवारीची, म्हणजे तारेच्या गुंजण्याची. शिवणाचा साधा सुती दोरा तारेखाली, घोडीवर आडवा घाला आणि तार छेडत केसभर सरकवत न्या. मध्येच एका जागी आवाज उघडतो, गुंजायला लागतो. तिथेच थांबा. पुढे गेलात तर तार किरकिरते किंवा मुकी होते. जाड दोऱ्यानेही किरकिर येते. प्रत्येक तारेची जागा वेगळी. एकीची बघून दुसरीची लावू नका.

पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, तेव्हा जोर लावू नका, भोक चिरतं. उन्हाळ्यात सुटतात, त्यांना खडू चोळा. दोऱ्याने आवाज कुठेच उघडत नसेल तर घोडीवर तारांच्या खाचा पडल्यात. मग कानस घरी चालवू नका, तानपुरा कारागिराकडे न्या.