गावाकडच्या मुलांसाठी कथा लिहिताना : पात्र आधी, विषय मागून

मुलांसाठी कथा लिहायला घेताना आपण बहुधा आधी विषय ठरवतो. व्यसनमुक्ती, मुलींचे शिक्षण, पाणीबचत असा एखादा विषय हाती धरला जातो आणि मग त्याला शोभेल असे एक मूल शोधले जाते. हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. आधी मूल उभे राहू द्यावे, त्याला नेमके काय हवे आहे हे ठरवावे आणि ते मिळवताना त्याच्यावर कोणता निर्णय घेण्याची वेळ येते, हे शोधावे. विषय त्या निर्णयातूनच वर येतो. विदर्भातील खेड्यांत शिकवणाऱ्या, वाचनालय सांभाळणाऱ्या आणि त्यातून वेळ काढून मुलांसाठी लिहिणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे सांगतो आहे, कारण आपल्याकडचे मूल छापील कथेत आले की ते एकतर बिचारे असते, नाहीतर आदर्श.

बिचाऱ्या मुलाची कथा ओळखणे सोपे आहे. बाप कर्जात असतो, माय पदराला डोळे पुसत असते आणि शेवटी शहरातून आलेले एखादे साहेब मुलाला दप्तर देतात. या संपूर्ण कथेत मूल स्वतः काहीच करत नाही. म्हणून कच्चा मसुदा तयार झाला की एक परीक्षा घ्यावी : कथेतील मदत करणारा मोठा माणूस काढून टाकावा आणि कथा तरीही पुढे सरकते का, ते पाहावे. सरकत नसेल, तर ती कथा त्या साहेबांची आहे, मुलाची नव्हे.

एक प्रसंग उभा करताना

समजा, सातवीतील पायल दिवाळीच्या सुट्टीत मायसोबत दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला गेली आहे. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. सकाळचे दव सुकल्याशिवाय वेचणीला हात लावू देत नाहीत, कारण ओल्या कापसाचे वजन जास्त भरते. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे ओरबाडतात. संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काटा लागतो, प्रत्येकीचे गाठोडे आकड्याला अडकवले जाते आणि मालक वहीत वजन लिहितो. काट्यावर २३.७ दिसते, वहीत २३ लिहिले जाते. पायलने दशांश अपूर्णांक याच वर्षी शाळेत केले आहेत.

इथे ‘शिक्षणाचे महत्त्व’ हा विषय लेखकाला खुणावू लागतो आणि पायलने सर्वांदेखत बोलावे, मालकाने लाजून पैसे द्यावेत, असा शेवट सुचतो. तो मोह टाळावा. त्याऐवजी तिची माय काय म्हणेल, हे ऐकावे :

“माय, काट्यावर तं साडेतेवीसच्या वर होते.”

“चूप राय. उद्या कामाले कोन बलावन आपल्याले?”

या दोन वाक्यांत मायचा भित्रेपणा नाही, तिचा हिशेब आहे. त्यानंतर पायलपुढचे मार्ग कागदावर लिहून काढावेत. ती तिथल्या तिथे बोलू शकते. ती स्वतःच्या वहीत सगळ्या बायांची खरी वजने रोज लिहून ठेवू शकते. किंवा मालकाचा मुलगा तिच्याच वर्गात असेल, तर ती त्याला विचारू शकते. मला तिसरा मार्ग सर्वांत समृद्ध वाटतो, कारण त्यात मैत्री पणाला लागते आणि त्या मुलालाही बाप की मैत्रीण, असा निर्णय घ्यावा लागतो. मालकालाही एक बाजू द्यावी : बोंडअळीने त्याचा निम्मा कापूस गेलेला असू शकतो, बियाण्याची उधारी बाकी असू शकते. त्यामुळे त्याची लबाडी माफ होत नाही, पण ती कळते, आणि वाचणाऱ्या मुलाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता येतात.

लिहिण्यापूर्वी प्रत्येक मुख्य पात्राबद्दल तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात : त्याला आज काय हवे आहे, ते कोणापासून काय लपवते आणि त्याला कोणते काम उत्तम जमते. तिसरी गोष्ट आपण नेहमी विसरतो. खेड्यातील मुलाला डवऱ्यामागे (कोळपणीच्या औतामागे) चालणे, बिथरलेली गाय वळवणे, पुरात नाल्याचा उतार ओळखणे जमते. हे कौशल्य कथेत कामी आले पाहिजे, नुसते वर्णनापुरते राहता कामा नये.

वयानुसार विषय

आठ ते अकरा वर्षांच्या वाचकासाठी एका दिवसात किंवा एका सणात मावणारी गोष्ट पुरते. तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे मुलांच्या पोळ्यासाठी, लाकडी बैल हवा आहे आणि सुताराला वेळ नाही, एवढ्या अडचणीतूनही उत्तम कथा होते. मात्र पोळा, भुलाबाईची गाणी, मोहफुलांचा वास हे सजावट म्हणून आणू नये. सण असेल तर त्या सणामुळेच काहीतरी घडले किंवा बिघडले पाहिजे. बारकावेही आपल्या भागाचे असावेत. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडते. पंधरा जूनला पावसात भिजत शाळेत निघालेली मुले इथल्या वाचकाला लगेच परकी वाटतात.

तेरा-चौदाच्या पुढच्या वाचकाला अर्धवट उत्तरे झेपतात, किंबहुना तीच हवी असतात. दहावीनंतर तालुक्याला जायचे की नाही, मुलींना शाळेत नेणारी मानव विकास योजनेची निळी बस चुकली की मुलीला त्या दिवशी शाळा बुडवायला लागते का, घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली असतील तर ती भावाशी काय बोलेल, मित्राच्या घरचे पाणी का पीत नाहीत हे मुलगा आजीला विचारेल का, हे प्रश्न या वयाचे आहेत. जातीचा प्रश्न ‘आपण सगळे सारखेच’ अशा वाक्याने मिटवू नये. ज्याच्या घरचे पाणी प्यायले जात नाही, त्या मुलाला कथेत राग येऊ द्यावा.

शेतकरी आत्महत्येबद्दल जरा थांबून बोलायला हवे. आपल्या वाचकांपैकी काही मुलांच्या घरात हे घडलेले असते, म्हणून हा विषय टाळणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. पण तो निष्काळजीपणे हाताळणे अधिक धोक्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांना दिलेल्या मार्गदर्शनातील मुद्दे कथालेखकालाही लागू पडतात : मृत्यूच्या पद्धतीचे वर्णन करू नये, त्याला एकच कारण चिकटवू नये आणि तो सुटकेचा मार्ग किंवा त्याग म्हणून रंगवू नये. कथा घटनेनंतरच्या दिवसांवर ठेवावी. सातबारा कोणाच्या नावावर होणार यावरून घरात चाललेली कुजबुज, आईने पहिल्यांदा एकटीने गाठलेली बँक, वर्गात सगळे अचानक जास्तच प्रेमाने वागतात म्हणून मुलाला येणारा संकोच, हे लिहावे. अशी कथा छापताना शेवटी ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्यावा.

आदिवासी मुले आणि बोली

मेळघाटातील कोरकू, यवतमाळकडील कोलाम, गडचिरोलीतील गोंड किंवा माडिया मूल कथेत आले की ते नाचते, मध काढते आणि शहरी पाहुण्याला वाट दाखवते. एवढ्यावर थांबू नये. घरी गोंडी बोलणारे मूल आश्रमशाळेत मराठी पुस्तकासमोर बसते तेव्हा त्याला किती येते हे मास्तरांना कळतच नाही. हुशार मूल मठ्ठ ठरते, आणि त्यात खरी कथा आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क, म्हणजे भोवतालचे जंगल गावाने मिळून वापरण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क, मिळाला. अशा गावात ग्रामसभेच्या कडेला बसून मोठ्यांचे बोलणे ऐकणारी, उद्या स्वतः बोलायचे मनात ठरवणारी मुलगी ही आपल्या बालकथेत अजून फारशी न दिसलेली नायिका आहे. ती भाषा आणि तो समाज आपला नसेल, तर मसुदा त्या समाजातील माणसाला दाखवावा आणि त्याने सुचवलेला बदल करावा.

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ठेवणे बहुतेकांना सोयीचे जाते. परंतु बोली विनोदासाठी आणि प्रमाण भाषा शहाणपणासाठी, अशी वाटणी मुळीच करू नये. कथेतील सर्वांत समंजस वाक्य वऱ्हाडीत असायला काहीच हरकत नाही. वऱ्हाडी आणि झाडीबोली एकमेकींत मिसळू नयेत. अकोल्याकडे ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तर भंडाऱ्याकडे ‘डोरा’. दोन्ही भागांतील मुलांना हा फरक कानाने कळतो. प्रत्येक शब्द बोलीत वाकवण्याचीही गरज नाही, क्रियापदे आणि विभक्ती सांभाळली तरी बोलण्याचा सूर उतरतो.

मसुदा पूर्ण झाला की तो मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा. वाचताना ती जिथे चुळबुळ करतात तिथे पेन्सिलने खूण करावी आणि थांबू नये. वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलात?’ असे विचारू नये, कारण या प्रश्नाचे शाळेला आवडणारे उत्तर मुलांना पाठ असते. त्याऐवजी ‘पायलच्या जागी तू असतीस तर काय केले असतेस?’ असे विचारावे. मुले आपापसांत भांडू लागली, तर पात्र उभे राहिले आहे. सगळ्यांनी एकच उत्तर दिले, तर निर्णय फार सोपा झाला आहे. अशा वेळी धुऱ्यावरच्या त्या प्रसंगाकडे परत जाऊन गप्प राहण्याचे कारण अधिक बळकट करावे आणि मग पुढचा मजकूर नव्याने लिहावा.